आंदोलन ‘चिघळले’ म्हणजे नेमके काय झाले?

डिसेंबर उजाडला की नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येते आणि त्याच्या मागोमाग मोर्चे येतात. यशवंत स्टेडियमपासून निघालेले, टेकडी रोडवर अडवलेले, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर कठड्यांना भिडलेले. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, कंत्राटी कामगार, कापूस-सोयाबीनवाले शेतकरी. या दिवसांतली वर्तमानपत्रे चाळली तर एक क्रियापद हमखास भेटते: चिघळणे. अधिवेशन संपून मंत्री मुंबईला परतले तरी या शब्दाला सुटी नसते. एसटीचा संप चिघळतो, कांद्याचा प्रश्न चिघळतो, सीमावाद चिघळतो, तिकीटवाटपावरून एकाच पक्षातल्या दोघांचे भांडण चिघळते आणि हल्ली युक्रेनमधले युद्धही चिघळते. तंटा वाढल्याचे सांगणारा मराठी पत्रकारितेतला हा अगदी हाताशी असलेला शब्द. माझे म्हणणे असे आहे की हा मराठीतल्या अत्यंत काटेकोर शब्दांपैकी एक आहे. आपण तो कुठेही वापरून बोथट केला, आणि त्याच्या बोथटपणाचा फायदा ज्यांना व्हायचा त्यांनाच होत आला आहे.

शब्द मुळात जखमेचा. जखम झाली त्याच दिवशी कधी चिघळत नाही. कातडी फाटते, रक्त येते, थांबते. ती धुतली नाही, मळक्या फडक्याने बांधून ठेवली, त्याच जागी रोज ठेच लागत राहिली, ओल धरली, माश्या बसल्या, म्हणजे चार-आठ दिवसांनी कडा लाल होतात, पू धरतो, ठसठस सुरू होते आणि भोवतालची धड कातडीही दुखू लागते. तेव्हा घरातले वडीलधारे म्हणतात, ‘चिघळली की ही.’ त्या वाक्याला एक रोख असतो आणि तो जखमेवर नसतो, दुर्लक्ष करणाऱ्यावर असतो. म्हणजे या शब्दात चार गोष्टी गृहीत आहेत. आधी इजा झालेली असणे, मध्ये काळ गेलेला असणे, त्या काळात उपचार करणे कोणाचे तरी काम असणे आणि दुखणे मूळ जागेच्या बाहेर पसरणे. यातली एक जरी नसेल तरी जे झाले ते दुसरे काहीतरी झाले.

मराठीने तंट्यासाठी जखमेची ही भाषा फार पूर्ण केली आहे. मन ठसठसते, वैर मनात सलते, जुन्या प्रकरणावरची खपली कोणीतरी काढतो, कोणी जखमेवर मीठ चोळतो, आणि सरकार काय करते तर वरवरची मलमपट्टी. ‘वाद विकोपाला गेला’ हेही तसेच. दुखणेही विकोपाला जाते. याच्या शेजारी आगीची भाषा आहे: ठिणगी पडते, असंतोष धुमसतो, माथी भडकतात, दंगल पेटते, कोणी तेल ओततो. गावोगाव काड्या करणारे असतात, आणि काडी म्हटली की ती ओढणारा हात आलाच. तिसरी भाषा पायऱ्यांची आहे. आधी कुरबूर, मग धुसफूस, मग शब्दाने शब्द वाढून बाचाबाची, मग हमरीतुमरी, मग मुद्द्यावरून गुद्द्यावर. गुन्हेवार्तेच्या पानावरचे ते अमर वाक्य आठवावे: किरकोळ कारणावरून झालेल्या बाचाबाचीचे पर्यवसान हाणामारीत झाले. नागपूरकर एवढी संस्कृतप्रचुर वाट धरत नाही. तो थेट विचारतो, ‘बात काहून वाढवून राहिला बे?’ आणि त्या प्रश्नात बात आपोआप वाढत नाही, समोरचा ती वाढवत असतो.

इंग्रजीतला ‘एस्कलेट’ हा शब्दही पायऱ्यांचाच. सरकता जिना १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ‘एस्कलेटर’ या व्यापारी नावाने लोकांसमोर आला. त्या नावावरून पुढे क्रियापद निघाले आणि शीतयुद्धाच्या काळात ते युद्धाच्या भाषेत जाऊन बसले. हर्मन कान या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ साली अणुयुद्धाकडे जाणारी ४४ पायऱ्यांची शिडीच मांडून दाखवली. पायरी चढणारा पाय कोणाचा तरी असतो, म्हणून या शब्दात निर्णयाचा भाग ठळक आहे. ७ मे २०२५ रोजी पाकिस्तानातल्या तळांवर कारवाई केल्यानंतर भारत सरकारने पहिल्याच निवेदनात ती मोजूनमापून केलेली आणि संघर्ष न वाढवणारी असल्याचे म्हटले, तेही याच अर्थाने: आम्ही इतक्या पायऱ्या चढलो, पुढची चढायची की नाही ते तुम्ही ठरवा. दोन सैन्यांमधल्या अशा हिशेबी चढाओढीला ‘युद्ध चिघळले’ म्हणणे मला तरी अडखळवते. तिथे कोणी जखम धुवायची विसरलेले नसते. (नागपूरच्या मिहान औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांत ‘मेल एस्कलेट केला’ म्हणतात ते याहून साधे. त्याला आपल्याकडे ‘वरपर्यंत नेले’ म्हणतात.)

आता शब्द बाजूला ठेवून नागपूरच्याच काही घटना पाहू, कारण कोणता शब्द कुठे बसतो हे कोशातून कळत नाही, तारखांमधून कळते.

२३ नोव्हेंबर १९९४. गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर निघाला होता. विदर्भातल्या गावोगावी गुरे राखणारा हा समाज. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची. केंद्राच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. समाजाचे म्हणणे असे की ही नोंद आमचीच. शासनाचे म्हणणे असे की गोंड गोवारी वेगळे आणि गोवारी वेगळे. दोन शब्दांच्या मध्ये स्वल्पविराम हवा होता की नको, असे या वादाचे वर्णन अनेकदा केले जाते. १९८५च्या एका शासन निर्णयाने गोवारींची वाट आणखी अरुंद केली. म्हणजे मोर्चा रस्त्यावर आला तोवर नऊ वर्षे निवेदने, शिष्टमंडळे आणि आश्वासने यांत गेली होती. त्या दिवशी बायकापोरांसह हजारो माणसे कठड्यांपाशी थांबून राहिली, कोणी मंत्री येऊन बोलेल म्हणून. संध्याकाळ झाली तरी कोणी आले नाही. मग रेटारेटी, पोलिसांच्या लाठ्या, आणि पळायला जागा नसलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी. ११४ माणसे मेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घालण्यात आले. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आता आदिवासी गोवारी शहीदांचे नाव आहे आणि झिरो माइलजवळ स्मारक आहे.

या घटनेबद्दल ‘मोर्चाला हिंसक वळण लागले’ असे कोणी लिहिले तर ते उघड खोटे ठरेल. मोर्चेकऱ्यांनी जाळपोळ केली नव्हती. तरीही ‘चिघळणे’ हा शब्द इथे जितका नेमका बसतो तितका फार थोड्या ठिकाणी बसेल. कारण जखम जुनी होती, मध्ये काळ गेला होता, आणि ती पाहणे ज्यांचे काम होते ते त्या संध्याकाळी पाचशे पावलेसुद्धा चालून आले नाहीत. मोर्चा चिघळला असे म्हणण्यापेक्षा प्रश्न चिघळला असे म्हणावे लागेल, आणि हा फरक बारीक नाही. मोर्चा म्हटले की नजर रस्त्यावरच्या माणसांकडे जाते. प्रश्न म्हटले की ती फाइलीकडे जाते.

दुसरे उदाहरण बारा वर्षांनंतरचे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची जमावाने हत्या केली. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, विजयादशमी होती आणि धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी दीक्षाभूमीवर लाखो माणसे आली होती. खैरलांजी तिथून काही तासांच्या अंतरावर; पण जे घडले ते त्या गर्दीपर्यंत नीट पोहोचले नाही. स्थानिक बातम्यांनी सुरुवातीला त्याला गावकीतल्या भांडणाच्या मापात बसवले. ऑक्टोबर असाच गेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला माहिती पसरली आणि भंडारा, नागपूर, अमरावती, यवतमाळ इथे माणसे रस्त्यावर उतरली. संचारबंदी लागली, लाठ्या चालल्या. त्यावर गृहखात्याकडून उपचार काय, तर या आंदोलनात नक्षलवादी असल्याचा संशय. नोव्हेंबर संपता संपता कानपुरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि पेटले महाराष्ट्रात. उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जाळले गेले. कानपूरची घटना आणि उल्हासनगरची आग यांच्यामध्ये हजाराहून जास्त किलोमीटर आहेत. हे अंतर ‘भडकले’ या शब्दाने समजावता येत नाही. लाल झालेल्या कातडीला बोट लागले तरी माणूस ओरडतो, हे ज्या शब्दात आहे त्यानेच ते समजते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण अगदी अलीकडचे. १७ मार्च २०२५. औरंगजेबाची खुलताबादेतली कबर हटवावी या मागणीसाठी नागपूरच्या महाल भागात शिवाजी पुतळ्याजवळ विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाने निदर्शने केली, प्रतीकात्मक कबर जाळली. तिच्यावरच्या हिरव्या कापडावर धर्मवचने होती, अशी अफवा दिवसभर मोबाइलवर फिरली. संध्याकाळी चिटणीस पार्क, भालदारपुरा आणि रात्री हंसापुरी इथे दगडफेक आणि जाळपोळ झाली. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, ती पूर्ण उठायला २३ मार्च उजाडला. एका जखमीचा पुढे मृत्यू झाला. दुपार ते रात्र, एवढाच अवधी. इथे ‘चिघळणे’ लावायचे तर कोणती जखम, कोणाची, किती दिवसांची, हे सांगावे लागेल. तीनशे वर्षांपूर्वीची, असे उत्तर काही जण देतील; पण महालात आणि हंसापुरीत पिढ्यान्पिढ्या शेजारी दुकाने लावणाऱ्यांच्या अंगावर ती १६ मार्चपर्यंत दिसत नव्हती. ही आग होती, आणि आग म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: काडी कोणी ओढली, सुका पालापाचोळा कोणी गोळा केला, वारा कोणी घातला. त्या रात्रीला ‘चिघळले’ म्हटले की हे प्रश्न विरून जातात आणि वाचकाला वाटते, काहीतरी खूप दिवसांचे होते, ते आपले आपण फुटले.

आणि चौथे उदाहरण, जे ना जखमेचे ना आगीचे. १९२३चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह. सिव्हिल लाइन्समध्ये राष्ट्रीय झेंडा घेऊन मिरवणूक नेण्यास बंदी होती. १ मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली रोज एक तुकडी झेंडा घेऊन निघायची आणि अटक करून घ्यायची. जूनमध्ये बजाज पकडले गेले, तर बाहेरच्या प्रांतांतून स्वयंसेवक येऊ लागले. मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली. हजारावर माणसे तुरुंगात गेली. १८ ऑगस्टला मिरवणूक बंदी असलेल्या रस्त्यावरून गेली आणि लढा थांबला. साडेतीन महिने हा संघर्ष रोज एकेक पायरी वाढत होता, पण वाढवणारे तो मोजून वाढवत होते आणि कुठे थांबायचे तेही त्यांना ठाऊक होते. मराठीत याला शब्द आहे आणि आजही प्रत्येक निवेदनाच्या शेवटच्या ओळीत तो असतो: मागण्या मान्य न झाल्यास आंदोलन तीव्र करण्यात येईल. कोणतीही संघटना ‘आम्ही आंदोलन चिघळवू’ असे लिहून देत नाही. तीव्र करणारा स्वतःचे नाव आणि सही खाली ठेवतो.

इथे व्याकरणाचा भाग येतो, आणि माझ्या मते खरी मेख त्यातच आहे. ‘चिघळणे’ अकर्मक. त्याला कर्ता आहे, पण तो भोगणारा कर्ता: जखम चिघळली, प्रश्न चिघळला. करणारा दिसत नाही. बोलण्यात तो दिसत नसला तरी ऐकणाऱ्याला कळतो, कारण जखम कोणाच्या अंगावर आहे आणि घरात औषध लावणारे कोण आहे हे दोघांनाही माहीत असते. बातमीत हे संदर्भ नसतात. तिथे उरते ते नुसते अकर्मकपण. २०२३ सालचे उदाहरण घ्या. जालना जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचे उपोषण २९ ऑगस्टला सुरू झाले, १ सप्टेंबरला पोलिसांनी लाठीमार केला आणि दोन-तीन दिवसांत एका गावचे उपोषण राज्यभराचे आंदोलन झाले. असे काही झाले की मथळा कसा येतो? ‘लाठीमारानंतर आंदोलन चिघळले.’ या तीन शब्दांत ‘नंतर’ हे शब्दयोगी अव्यय फार काम करते. ‘लाठीमारामुळे’ म्हटले तर कारण सांगितल्यासारखे होते. ‘लाठीमाराने आंदोलन चिघळवले’ म्हटले तर आरोप केल्यासारखे होते. ‘नंतर’ म्हटले की दोन गोष्टी फक्त एकामागून एक घडल्या, जसा सोमवारनंतर मंगळवार येतो. मराठीत प्रयोजक रूप आहे, ‘चिघळवणे’ आहे, ‘चिघळत ठेवणे’ तर फारच धारदार आहे. विरोधी पक्ष ते बरोबर वापरतो: सरकारने हा प्रश्न जाणूनबुजून चिघळत ठेवला. तोच पक्ष सत्तेवर आला की प्रश्न पुन्हा स्वतःहून चिघळू लागतो. यात कोणत्या एका पक्षाला वेगळे काढावे असे मला तरी आढळलेले नाही.

यावर पत्रकारांचे उत्तर ठरलेले आणि बऱ्याच अंशी रास्त आहे. पहिल्या काही तासांत कोणी काय केले हे नक्की नसते. घाईने नाव घेतले तर दुसऱ्या दिवशी न्यायालयात उभे राहावे लागते, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्याच बातमीने आणखी चार ठिकाणी दगड उचलले जातात. कर्ता झाकणारे क्रियापद हा अशा वेळी भ्याडपणा नसतो, जबाबदारी असते. १७ मार्चच्या रात्री ज्यांनी तोलून लिहिले त्यांनी शहरावर उपकारच केले. पण हे उत्तर माणसांच्या नावांपुरते खरे आहे. तारखांना बदनामीचा कायदा लागू होत नाही. निवेदन कधी दिले, बैठक कितीदा पुढे ढकलली, फाइल कोणत्या विभागात किती महिने होती, शिष्टमंडळाला त्या दिवशी कोण भेटले आणि कोण भेटले नाही, हे पहिल्या संध्याकाळीही सांगता येते आणि त्याने कोणाचे डोके भडकत नाही. उलट, या तपशिलाविना नुसते ‘चिघळले’ लिहिले की जो कठड्यापाशी उभा आहे तोच चिघळवणारा, अशी समजूत होते. कठड्याच्या या बाजूचा फोटो असतो, फाइलीचा नसतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. जखमेची भाषा वापरली की रस्त्यावर उतरलेला माणूस रोगी ठरतो आणि रोग्याच्या हातून जे होईल त्याला माफी मिळते. डेक्कन क्वीनचे डबे जाळणाऱ्याने जाळायचे ठरवूनच जाळले; त्याला ‘समाजाची जखम चिघळली होती’ असे म्हणणे ही पळवाट नाही का? आहे, आणि ती पळवाट अनेकदा वापरलीही जाते. म्हणूनच एका घटनेला एकच शब्द पुरत नाही असे मला वाटते. २००६चा प्रश्न चिघळला, हे खरे. त्यातून उल्हासनगरजवळ गाडी पेटवली गेली, हेही खरे. पहिल्या वाक्यात जबाबदारी उपचार न करणाऱ्याची आहे, दुसऱ्यात पेटवणाऱ्याची. दोन्ही वाक्ये लागतात. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही, आणि दोघांना मिळून ‘आंदोलन चिघळले’ हे एकच वाक्य दिले की दोघेही सुटतात.

तिसरा आक्षेप खास विदर्भाकडून येईल. दुर्लक्षाने जखम चिघळते असा नियम असेल, तर वेगळ्या विदर्भाची मागणी एव्हाना केव्हाच चिघळायला हवी होती. २८ सप्टेंबर १९५३चा नागपूर करार, १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने केलेली वेगळ्या विदर्भाची शिफारस, १९५६ला तिच्या उलट झालेला निर्णय, १९८४चा दांडेकर समितीचा अनुशेषाचा अहवाल, त्यानंतर वाढतच गेलेला अनुशेष. एवढे होऊनही ही मागणी निवडणुकीआधी जागी होते आणि निकालानंतर झोपते. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याने माझा दावा थोडा आखडतो. नुसते दुर्लक्ष पुरेसे नाही. रोज लागणारी ठेच हवी. गोवारी मुलाला जातीच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयातून दरवर्षी परत पाठवले जात होते. ती ठेच ठरावीक माणसाला, ठरावीक खिडकीवर लागत होती. अनुशेष ज्याला रोज लागतो तो शेतकरी त्याला अनुशेष म्हणून ओळखतच नाही. तो त्याला विजेचे भारनियमन म्हणतो, कापसाचा भाव म्हणतो, आणि त्याची लढाई त्या त्या नावाने होते. जिथे मागणीला खिडकी होती तिथे विदर्भही चिघळलेला आहे. कृषी विद्यापीठ विदर्भात हवे म्हणून १९६७ साली अकोल्यात आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळ्या चालल्या, आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात विद्यापीठ आले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाचेही तसेच. महाजन आयोगाचा अहवाल १९६७चा, सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा दावा २००४चा. पण तिथे चिघळते ते अहवालावरून नाही, दुकानाच्या पाटीवरून आणि शाळेच्या माध्यमावरून.

शब्दांचा अर्थ लोक ठरवतात, वर्तमानपत्राने ‘चिघळणे’ सैल केले असेल तर आता तोच अर्थ, असेही कोणी म्हणेल. अर्थ बदलतात हे खरेच. पण इथे जुना अर्थ मेलेला नाही. सरकारी दवाखान्यात मधुमेह्याचा पाय पाहून डॉक्टर आजही हाच शब्द वापरतात आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ लगेच कळतो: उशीर केलात. त्याच घरी संध्याकाळी बातम्यांत ‘संप चिघळला’ ऐकताना उशिराचा हा अर्थ कानावर येत नाही. एकाच माणसाच्या तोंडी एकाच शब्दाचे दोन अर्थ असतील आणि त्यातला जबाबदारीचा तेवढा सरकारी बातमीत गळून पडत असेल, तर त्याला भाषेचा नैसर्गिक प्रवाह म्हणणे मला कठीण जाते.

सरकारी मराठीत या शब्दाच्या आधीची अवस्था सांगणारे शब्दही ठरलेले आहेत: प्रलंबित, विचाराधीन, आणि अलीकडचा लाडका ‘शासन सकारात्मक आहे’. गोवारींचेच पुढे पाहा. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारी हीच गोंड गोवारी जमात आहे असा निर्णय दिला. चोवीस वर्षांनी. राज्य शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८ डिसेंबर २०२० रोजी तो निर्णय रद्द झाला. यादीत फेरफार करणे न्यायालयाच्या अधिकारात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे. दरम्यान मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या तेवढ्या कायम राहिल्या. म्हणजे एकाच घरात एका मुलाला सवलत आहे आणि धाकट्याला नाही, असे होऊ शकते. कायद्याच्या अंगाने निकालावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण यादी बदलण्याची वाट संसदेतून जाते आणि ती वाट कोणी किती चालले, हे दर हिवाळ्यात विचारता येण्यासारखे आहे.

तेव्हा बातमीदाराने काय लिहावे? जिथे दुपारी अफवा आणि रात्री दगड, तिथे भडकले किंवा पेटवले. जिथे संघटनेने ठरवून पाऊल पुढे टाकले, तिथे तीव्र केले, मग ते आपल्याला आवडो न आवडो. आणि जिथे ‘चिघळले’ लिहायचे, तिथे त्या एका शब्दामागे किमान दोन तारखा: पहिले निवेदन केव्हाचे आणि शेवटची बैठक केव्हाची. एवढे मथळ्यात मावत नाही, ही उपसंपादकांची तक्रार मान्य. बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात मात्र ते मावते. तिथे सध्या ‘पोलिसांचा चोख बंदोबस्त होता’ हे वाक्य असते.